ओतकामाची पट्टी

"सर, पट्टी तेवढी जपून हं. बाबांची आहे."

"पट्टीच आहे ना? मला काय चावणार आहे?" मी म्हटलं आणि कागदावर रेघा मारायला घेतल्या.

मुलीचं नाव प्रणोती सुतार. शेजारी तिचे वडील रंगराव. शर्ट इस्त्रीचा, पण हाताच्या केसांत लाकडाचा भुसा तसाच. त्यांचं उद्यमनगरात पॅटर्नचं दुकान. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधी करतात तो लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. कोल्हापुरात फाउंड्र्यांना तोटा नाही, त्यामुळे असे कारागीरही पुष्कळ. माझ्या टेबलासमोर येऊन बसलेला मात्र हा पहिलाच.

शनिवार होता, दुपारचा एक वाजून गेला होता. राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात 'मोफत व निःपक्षपाती इंजिनिअरिंग प्रवेश मार्गदर्शन शिबिर' भरलं होतं. आता निःपक्षपाती म्हणजे कसं ते ऐका. बारा टेबलं, बारा मार्गदर्शक, आणि बाराच्या बारा जण वेगवेगळ्या खाजगी कॉलेजांचे पगारी मास्तर. छातीवर बिल्ला फक्त 'मार्गदर्शक' असा. कॉलेजचं नाव कुणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं. त्यातलाच मी एक. श्रेणिक मगदूम, एम.ई. मेकॅनिकल (पालकांना ओळख एवढीच द्यायची), वय सव्वीस, दर जूनमध्ये नव्यानं नेमला जाणारा कंत्राटी लेक्चरर.

आमचे विभागप्रमुख इनामदार सर. त्यांनी सोमवारीच मला केबिनमध्ये उभं करून सांगितलं होतं, "मगदूम, पाच नावं. आपलं कॉलेज पहिल्या नंबरला लिहिलेली पाच मुलं. शनिवारी पाचच्या आत. मेकॅनिकलला कोण फिरकत नाही हल्ली, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे. वर्ग भरला नाही तर तुम्हाला ठेवून मी काय करू? आरती करू?"

शनिवारी एक वाजेपर्यंत माझ्या डायरीत चार नावं झाली होती. पाचवं मिळत नव्हतं. टेबलाखाली माझा पाय सारखा हलत होता. ती सवय मला लहानपणापासून आहे. आई म्हणायची, पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मी कुठली, नोकरीच निघाली होती. आणि गावाकडे माझे वडील, अण्णा, चावडीपासून जैन बस्तीपर्यंत सगळ्यांना सांगत फिरत होते, आमचा श्रेणिक प्राध्यापक झाला म्हणून.

फॉर्म भरायची पद्धत अशी होती, की आधी कच्च्या कागदावर कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं लिहायची. मग शेजारच्या शाळेत कॉम्प्युटरचं केंद्र होतं, तिथं जाऊन तोच क्रम भरायचा आणि पक्का करायचा. शिबिरवाल्यांनी दिलेल्या कच्च्या कागदावर वीस सेंटीमीटर उंचीची मोकळी चौकट छापलेली होती. वीस कॉलेजं, प्रत्येकी एक सेंटीमीटर. मी प्रणोतीच्या पट्टीनं खुणा करत गेलो, आणि विसावी ओळ जराशी चेपूनच आली.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"तुझी पट्टी चुकीची आहे," मी म्हटलं.

"चुकीची नाही सर, ओतकामाची आहे," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "तुम्ही मेकॅनिकलचेच ना?"

माझे कान गरम झाले. रंगराव घाईघाईनं मध्ये पडले.

"असू दे गं. सरास्नी कशाला लागतीय आपली पट्टी? त्याचं असं हाय सर, लोखंड थंड होताना आकसतंय. शंभराला एक धरा. म्हणून आमची पट्टीच मुळात मोठी. हिच्यावर शंभर लिवलंय, ते खरं एकशे एक हाय. दर येळेला हिशेब करत बसायला नको. मोठं धरूनच पॅटर्न करायचा, म्हंजे आकसून बरोबर मापाला येतंय."

मी दोन वर्षं वर्गात हेच शिकवत होतो. फळ्यावर तक्ता लिहायचो, बिडाला इतकं, पोलादाला इतकं, ॲल्युमिनियमला इतकं. अशी पट्टी असते हेही एका ओळीत सांगायचो. ती हातात आल्यावर मात्र मला ओळखता आली नाही! मी पट्टी बाजूला ठेवली आणि उगाच घसा साफ केला.

"बरं, सीईटीला किती मार्क?"

"एकशे चौतीस."

मी मान वर केली. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या स्वतःच्या मेकॅनिकल विभागात शेवटचा प्रवेश एकशे एकोणतीसला झाला होता. आमच्याकडे साठवालासुद्धा हसत हसत आत यायचा. एकशे चौतीसवाली मुलगी आमच्या टेबलाकडे येतच नाही. ही आली होती, कारण बाकीच्या टेबलांवर गर्दी होती आणि माझ्यापुढची खुर्ची मोकळी होती.

"मला विद्यापीठात मेकॅनिकल पाहिजे," ती म्हणाली. "तिथं पहिल्या वर्षापासून फाउंड्रीत काम करायला देतात म्हणे. खरं आहे का सर? वाळूत हात घालू देतात, का नुसतं लांबून दाखवतात?"

"देतात," मी म्हटलं.

"मुलींना पण?"

"मुलींना पण."

"मामा लोकं म्हणतात मुलीनं मेकॅनिकल घेऊ नये. तुम्ही काय सांगाल?"

याचं उत्तर मात्र मी मनापासून दिलं. म्हटलं, ड्रॉइंग रोज करावं लागेल, गणिताला पर्याय नाही, वर्कशॉपमध्ये कानस मारून मारून हाताला फोड येतील, थर्मोडायनॅमिक्स पहिल्यांदा डोक्यावरून जाईल. पण कुठलंही मशीन बघून ज्याला आत काय आहे हे बघावंसं वाटतं, त्यानं बेलाशक यावं. त्यात मुलगा-मुलगी काही नसतं. ती पुढे सरकून ऐकत होती. रंगराव तर माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होते, की मला दोन मिनिटं वाटलं आपण खरोखरच मार्गदर्शक आहोत.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. इनामदार सर. मी कट केला. पुन्हा थरथरला.

आणि तेव्हाच रंगरावांनी तो प्रश्न विचारला. "सर, एक सांगा. आमच्या गल्लीत म्हनत्यात, मोठं कॉलेज वर लिवलं आणि ते न्हाई मिळालं, तर खालचं बी हातातनं जातं. म्हणून खात्रीचं असंल तेच पयल्या नंबरला लिवावं. खरं हाय का?"

ही अफवा दर वर्षी उठते. गल्लीत, देवळात, क्लासच्या पायऱ्यांवर. ती साफ खोटी आहे. नियम अगदी उलटा. मोठं वर लिहून ते मिळालं नाही, तर कॉम्प्युटर मुकाट्यानं दुसऱ्या नंबरकडे जातो, तुमचं काही जात नाही. पण पहिल्या नंबरला जे लिहिलंय तेच मिळालं, तर मात्र विषय संपला. ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बसता येत नाही. माहितीपुस्तकाच्या नवव्या पानावर तो नियम आहे. मी स्वतः त्याच्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या आणि ते पुस्तक तेव्हा माझ्या कोपराखालीच होतं.

म्हणजे या मुलीनं आमचं कॉलेज पहिलं लिहिलं, तर ती आमच्याकडे अडकली. विद्यापीठ कायमचं गेलं.

"सर?" रंगराव म्हणाले.

"धोका असतो," मी म्हटलं.

दोनच शब्द. मी काही शपथ घेऊन खोटं बोललो नाही, नुसतं 'धोका असतो' म्हणालो.

"पण तुम्ही तर मोठं धरूनच काम करता," प्रणोती वडिलांना म्हणाली. "मग इथं पण..."

"ते लाकडात," मी मध्येच तोडलं. "फॉर्ममध्ये उलटं असतं. खात्रीचं आधी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "खात्रीचं कुठलं?"

मी आमच्या कॉलेजचं नाव सांगितलं.

"तिथं भट्टी आहे?"

"आहे की." भट्टी होती. दोन वर्षांत ती कुणी पेटवलेली नव्हती आणि तिच्या शेजारी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते, पण होती.

"सर सांगत्यात ते बरोबरच असंल," रंगराव म्हणाले आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुमीच लिवा सर तुमच्या हातानं. आमास्नी यातलं काय कळतंय? तुमचा हात लागू दे."

मी लिहिलं. एक नंबरला आमचं कॉलेज, दोन नंबरला विद्यापीठ. अक्षर बरं आलं होतं.

अर्ध्या तासानं दोघं पक्क्या फॉर्मची प्रिंट घेऊन आली, मला दाखवायला. शिबिरातली पद्धतच तशी होती. मार्गदर्शकानं फॉर्मचा नंबर उतरवून घ्यायचा. मी डायरीत पाचवं नाव लिहिलं. रंगरावांनी दोन्ही हात जोडले. "उपकार झाले सर. पोरीचं भलं केलंसा." मी म्हटलं, "त्यात काय एवढं," आणि त्यांची पाठ वळायच्या आत इनामदार सरांना फोन लावला.

"शाब्बास मगदूम! सोमवारी तुमची ऑर्डर काढतो. पेढे तुम्ही आणायचे की मी?"

"मीच आणतो सर."

फोन ठेवला आणि मला भूक लागली असं वाटलं. बाहेर जाऊन मिसळ मागवली. कट समोर आला, पाव आले, आणि मी एकही घास न घेता पैसे ठेवले. उठलो. परत आत आलो. खुर्चीत बसलो, पुन्हा उठलो. पाण्याच्या पिंपाकडे तीनदा गेलो. शेजारच्या टेबलावरचे गायकवाड सर म्हणाले, "काय ओ मगदूम, पोट बिघडलंय काय?"

मी स्वतःला समजावत होतो. म्हटलं, आमचं कॉलेज काय वाईट आहे? शिकणारा कुठंही शिकतो. तिला घराजवळ पडेल. शिवाय अफवा मी थोडीच उठवली? त्यांच्याच गल्लीची होती. असं एकेक बोलायचो मनातल्या मनात, आणि लगेच तिचं वाक्य आठवायचं. वाळूत हात घालू देतात का? घालू देतात, म्हणालो होतो मी. विद्यापीठात देतात. आमच्याकडे वाळू तरी कुठं होती!

सव्वातीनला मी कागद आवरायला घेतले, आणि माहितीपुस्तक उचललं तर त्याच्याखाली ती पट्टी. पितळेची, कडेला झिजलेली, आकडे हातानं कोरल्यासारखे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'रं. सु.' कोरलेलं.

मी पट्टी उचलली, डायरी घेतली, आणि स्कूटर काढली. पुस्तक टेबलावरच राहिलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पट्टी परत द्यायला चाललोय, एवढंच मी स्वतःला सांगत होतो. पण पक्का केलेला फॉर्मसुद्धा पाच वाजेपर्यंत केंद्रावर उघडून मिळतो, मुलगी स्वतः हजर असेल तर, हेही मला पाठ होतं. आणि नेमकं तेच डोक्यात घोळत होतं.

उद्यमनगरात गल्ल्याच गल्ल्या आणि प्रत्येक गल्लीत एक सुतार. "रंगराव सुतार? कुठले, हनुमानाजवळचे का बोळातले?" असं करत करत सव्वाचारला दुकान सापडलं. पत्र्याची शेड, सागवानाचा वास, भिंतीला टांगलेले लाल-पिवळे रंगवलेले पॅटर्न. रंगराव इस्त्रीचा शर्ट काढून बनियनवर कामाला लागले होते. मला बघून धडपडत उठले.

"सर! तुमी? आणि इकडं? बसा बसा. आरं, खुर्ची कुठं गेली?"

"पट्टी राहिली होती."

"अरे देवा! आणि प्रणोती पट्टीसाठीच परत तिकडं गेलीया की! तास झाला, बस धरून. माझ्या वडलांची पट्टी ती, हरवली म्हटल्यावर रडायलाच लागली." त्यांनी पट्टी हातात घेतली, बनियनला पुसली. "एवढ्यासाठी तुमी स्वतः आलासा? आजकाल कोण करतंय ओ एवढं?"

मी घाम पुसला. घड्याळात चार वाजून वीस झाले होते.

"रंगराव, चला माझ्याबरोबर. फॉर्ममध्ये एक चूक राहिलीय. पाचच्या आत दुरुस्त करायला पाहिजे."

चूक राहिलीय. लक्षात घ्या, 'मी केलीय' असं नाही म्हणालो. राहिलीय. भिंतीवर पाल राहते तशी आपोआप.

त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. शर्ट अडकवला, पट्टी खिशात घातली, शेजारच्याला हाक मारून "दुकानाकडं बघ रे" म्हणाले आणि माझ्या मागे बसले. वाटेत बोलतच होते. "आमच्या घराण्यात कुणी कॉलेजचं तोंड बघितलं न्हाई सर. ही पोरगी चार वर्षांची असल्यापासनं माझ्या बाकाखाली बसून लाकडाचे तुकडे जुळवायची. म्हटलं, शिकू दे. आणि आज तुमच्यासारखा माणूस गाठ पडला. देवमाणूस!" प्रत्येक वाक्याला माझी स्कूटर जास्त पळत होती. सिग्नलला लाल दिवा लागला तेव्हा मी थांबलो नाही, शपथ.

मंगल कार्यालयात माझं टेबल मोकळं होतं. पोरगी नाही. गायकवाड सर म्हणाले, "एक मुलगी आली होती तुमची वाट बघत. तुमचं पुस्तक चाळत बसली होती पाऊण तास. मग एकदम उठून गेली तरातरा."

"कुठं?"

"मला काय ठाऊक? पुस्तक पण घेऊन गेली."

मी रंगरावांना घेऊन केंद्राकडे पळालो. शाळेच्या व्हरांड्यात रांग होती, पंखा बंद, आणि रांगेच्या अगदी तोंडाशी, खिडकीपाशी प्रणोती. हातात माझं माहितीपुस्तक, बोट घालून धरलेलं. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"प्रणोती!" रंगराव ओरडले. "सर आलेत बघ! फॉर्मात चूक राहिल्ती म्हणून पळत आलेत बिचारे!"

तिनं वळून बघितलं. वडिलांकडे नाही, माझ्याकडे. मग पुस्तक उघडलं आणि नववं पान माझ्यापुढे धरलं. लाल रेघा तिनं बोटानं दाखवल्या.

"या रेघा तुम्ही मारल्यात ना सर?" अगदी हळू विचारलं तिनं.

"पुढची कोण?" आतून आवाज आला. ती आत गेली. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे. काचेतून दिसत होतं, ती टाइप करते आहे, पडद्याकडे बघते आहे, पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे. रंगराव खिशातून रुमाल काढून मलाच वारा घालत होते. "तुमी बसा सर, दमलासा." कॅन्टीनच्या पोऱ्याला त्यांनी चहा सांगितला, माझ्यासाठी बिनसाखरेचा, मी म्हटलेलं नसताना.

ती प्रिंट घेऊन बाहेर आली. चार पन्नास. एक नंबरला विद्यापीठ, मेकॅनिकल. आमचं कॉलेज विसाव्या ओळीत, कच्च्या कागदावर चेपलेल्या त्या शेवटच्या ओळीत.

"झालं बघा!" रंगरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळले, खिशातून पट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "ही तुमी घ्या सर. आमच्याकडं द्यायला दुसरं काय हाय? माझ्या बापाची हाय. पोरांस्नी शिकवताना दाखवा."

"बाबा, ती नको," प्रणोती म्हणाली.

"गप! सरांपुढं असं बोलत्यात?"

ती गप्प झाली. वडिलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती बोलणार नव्हती. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला देवमाणूस म्हटलं होतं, तो तिला मोडायचा नव्हता. अठरा वर्षांची पोर माझी अब्रू झाकत होती! मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पट्टी हातात जड लागत होती.

"रंगराव, चूक राहिली नव्हती," मी म्हटलं. "मी मुद्दाम तसं लिहिलं होतं. मी त्याच कॉलेजात शिकवतो. मला पाच पोरं पाहिजे होती, नाहीतर माझी नोकरी जाणार होती. तुमची मुलगी पाचवी."

चहा आला. पोऱ्या दोन कप घेऊन उभा राहिला आणि आमची तोंडं बघून कठड्यावर ठेवून गेला.

रंगरावांनी मुलीच्या हातातली प्रिंट घेऊन पहिली ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, "पोरीचं विद्यापीठ जाणार, हे तुला ठावं होतं?"

दिवसभर सर होतो, तुमी होतो. आता तू.

"हो."

"मग परत कशाला आलास?"

"राहवेना," म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली, शर्टाला पुसली, खिशात घातली. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि मी तयारही होतो. पण ते म्हणाले, "मला कोण सोडणार परत? दुकान उघडं टाकून आलोय." प्रणोती बसनं घरी गेली. मी त्यांना मागे बसवून उद्यमनगरात आणलं. वाटेत एक शब्द नाही. येतानाचं ते देवमाणूस-देवमाणूस परवडलं, इतकी ती शांतता जाळत होती.

दुकानापाशी उतरून ते म्हणाले, "तुला रंधा मारता येतो?"

"नाही."

"एम.ई. म्हनलास ना?"

"हो."

"काय शिकवत्यात रे तुमास्नी?" ते आत गेले. पुन्हा बाहेर आले. "सोमवारी तुझी नोकरी जाईल. मंगळवारी ये. सोमवारी दुकान बंद असतंय."

सोमवारी इनामदार सरांनी पेढ्यांऐवजी माझं तोंड बघितलं आणि दहा मिनिटांत विषय संपवला. अण्णांना सांगायला मला तीन महिने लागले. आणि मंगळवारी सकाळी मी उद्यमनगरात गेलो, कशासाठी ते मलाही नीट सांगता आलं नसतं. रंगरावांनी हातात रंधा दिला. पहिल्या दिवशी मी चांगला सागवानाचा तुकडा वाया घालवला. ते म्हणाले, "पैलाच हाय, जाऊ दे. दुसऱ्याला मारीन."

प्रणोतीला पहिल्याच फेरीत विद्यापीठ मिळालं.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मी अजून त्याच शेडमध्ये आहे. रंगराव थकलेत, खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात, आणि मला तूच म्हणतात. प्रणोती पुण्यात एका कारखान्यात कास्टिंगच्या विभागात मोठ्या जागेवर आहे. दिवाळीला येते. सगळी गल्ली मला श्रेणिक म्हणते, पॅटर्नवाला म्हणते. सर म्हणणारी ती एकटीच. कधी चिडवायला म्हणते, कधी सवयीनं, मला अजून कळलेलं नाही. पण त्या शब्दाला मी दरवेळी दचकतो.

यंदा जुलैत एक जोडपं दुकानात आलं, बरोबर सतरा-अठरा वर्षांची मुलगी. हातात फॉर्मचा कच्चा कागद. दोघंही बावरलेले.

"श्रेणिक मगदूम तुम्हीच का? प्रणोती मॅडमनी पाठवलंय," वडील म्हणाले. "आम्ही विचारलं, फॉर्म कुणाकडून भरून घेऊ? तर म्हणाल्या, दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका. त्यांच्याकडेच जा."

"का म्हणे?"

तो माणूस जरा चाचरला. बायकोनं त्याला ढोसलं.

"म्हणाल्या, एकदा मुद्दाम चुकलेला माणूस आहे. नववं पान त्यांच्याइतकं कुणाला पाठ नाही."

खुर्चीतून रंगराव खो खो हसले, खोकला येईपर्यंत. मी हात पुसले, बाकावरचा भुसा झटकला आणि कागद पुढे ओढला. रंगरावांनी न मागता साधी पट्टी माझ्याकडे सरकवली. मी ओळी आखल्या. विसावी बरोबर बसली.

मग पेन उघडलं, आणि आधी त्या मुलीकडे बघितलं.

"तुला काय पाहिजे?"

तिनं आईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मग भीत भीत एक नाव सांगितलं, फार मोठ्या कॉलेजचं. "पण तिथं नाही मिळणार सर," लगेच म्हणाली.

मी ते पहिल्या ओळीत लिहिलं.